आधी सीट, मग सायकल

पोरी,

तुझं पत्र वाचलं. कार्बन फ्रेमवर दोन पानं, आणि गुडघा दुखतो हे शेवटच्या ओळीत, तेही ‘थोडासा’! वडील उसाच्या बिलावर पतसंस्थेचं कर्ज काढायला तयार आहेत, म्हणून कार्बनची सायकल घ्यावी की नको या पेचात तू पडलीस. आधी सीट, मग सायकल. बाकीचं नंतर बोलू.

बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स, त्याच्यासारखं व्हायचंय म्हणतेस, तर त्याचं हेही वाच. १९६९ मध्ये त्याने पहिलीच टूर द फ्रान्स, म्हणजे फ्रान्सची ती मोठी सायकल शर्यत, जवळपास १८ मिनिटांच्या फरकाने जिंकली. त्याच सप्टेंबरात फ्रान्समधल्या ब्ल्वाच्या ट्रॅकवर, मोटरसायकलच्या मागे सायकल पळवायच्या शर्यतीत अपघात झाला. मोटरसायकल चालवणारा दगावला, मर्क्सचं कटीचं हाड सरकलं. त्यानंतरही त्याने आणखी चार टूर जिंकल्या, १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत तासाला ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम केला. पण पाठीचं दुखणं गेलं नाही. चालू शर्यतीत पाना काढून तो सीट वरखाली करायचा. पाचशेहून जास्त शर्यती जिंकलेला माणूस मिलिमीटरसाठी भांडत होता, आणि तू रंग निवडतेयस.

आता माप. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभी राहा, पावलांत १५ सेंटीमीटर अंतर. जाड पुस्तक पायांच्या मध्ये सीटसारखं वर दाब, पुस्तकाचा कणा भिंतीला काटकोनात. जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत तीनदा मोज. येईल त्याला ०.८८३ ने गुण. ७६ आलं तर ६७.१ सेंटीमीटर: क्रँकच्या, म्हणजे पेडलच्या दांड्याच्या, मधल्या बोल्टपासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीट ट्यूबच्या (सीटखालच्या फ्रेमच्या नळीच्या) रेषेत. हा आकडा सुरुवातीचा, शेवटचा नव्हे. भिंतीला धरून सीटवर बस, पेडल सगळ्यात खाली, त्यावर टाच: पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. कंबर एका बाजूला कलली की सीट उंच.

दुखतंय कुठे, ते तू लिहिलंच नाहीस! वाटीच्या पुढे दुखत असेल तर बहुतेक सीट खाली आहे, किंवा जड गिअर रेटतेयस. गुडघ्यामागे दुखत असेल तर सीट जास्त उंच आहे. एका वेळी ३ मिलिमीटरच हलव, मग चार-पाच राइड तशाच कर. सीटपोस्टवर, म्हणजे सीटच्या दांडीवर, चिकटपट्टीची खूण हवीच; पोस्ट हळूहळू खाली घसरते आणि खूण नसेल तर गुडघा दुखेपर्यंत कळत नाही. सीट आणि क्लीट (बुटाच्या तळाची, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) एकाच दिवशी हलवलेस, तर फरक कशाने पडला ते देवालाही सांगता यायचं नाही.

सूज असेल तर राइड बंद, डॉक्टर गाठ. नसेल तर मांजरसुंब्याचा घाट तूर्त विसर. सपाट रस्त्यावर हलका गिअर, पेडलच्या मिनिटाला ८५ ते ९० फेऱ्या. उन्हाळ्यात उजाडताच निघ, तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी, त्यात चिमूटभर मीठ. खायला गूळ-शेंगदाण्याची चिक्की. बाभळीच्या काट्यांसाठी जास्तीची ट्यूब. झालं.

लोक मला सीटवेडा म्हणतात. म्हणू देत. महागड्या सायकली घेऊन वर्षाच्या आत गुडघे धरून बसलेली पोरं याच जिल्ह्यात आहेत; त्यांना आधी कुणी टेप हातात दिली नाही, ही खंत माझीही आहे. म्हणूनच तुझ्यावर चिडतोय. कार्बनची सायकल वाईट नाही गं. पण चुकीच्या उंचीवर ती गुडघा तितक्याच इमानाने खाते, शिवाय हप्ता वेगळा. आधी सीट.

दुकानदार ‘बसून बघा, जमतंय’ म्हणाला तर उठून ये. फ्रेमची साइज मापावर ठरते, स्टॉकमध्ये काय उरलंय यावर नाही.

माप कळव. क्रँकच्या आतल्या बाजूला कोरलेला आकडाही बघून लिही. १७५ (मिलिमीटर) असेल तर तुझ्या उंचीला तो लांब पडतो; मग आधी १६५ चा क्रँक शोधू. तो लावला की सीट साधारण सेंटीमीटरभर वर घ्यावी लागेल, म्हणून तोवर पोस्टचा बोल्ट गंजू देऊ नकोस.