वाचकांचे प्रश्न : ‘नॅट’ सेबरला भारी कसे पडले?

प्रश्न : १९६५च्या युद्धात भारतीय हवाई दलाच्या चिमुकल्या नॅट विमानाला ‘सेबरचा कर्दनकाळ’ म्हटले गेले. एवढेसे विमान पाकिस्तानच्या मोठ्या ‘सेबर’ या लढाऊ विमानावर मात कशी करू शकले? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नॅटचे बळ त्याच्या लहानपणातच होते. त्याच्या पंखांचा विस्तार जेमतेम २२ फूट, तर सेबरचा ३७ फूट. त्यामुळे आकाशातल्या झटापटीत शत्रूच्या वैमानिकाला ते चटकन दिसतच नसे, आणि वजन कमी असल्याने ते झपाट्याने वर चढून चपळाईने वळत असे. शस्त्रे म्हणाल तर ३० मिलिमीटरच्या दोन तोफा. वेग कमी करण्यासाठी निराळी झडप नव्हती. चाकेच अर्धवट खाली सोडून ते काम भागवले जाई! ज्या ब्रिटनमध्ये त्याची रचना झाली, तिथल्या हवाई दलाने मात्र त्याची केवळ प्रशिक्षणासाठीची दोन आसनी आवृत्ती स्वीकारली.

तरीही ‘कर्दनकाळ’ हे बिरुद थोडे जपूनच वापरावे. तोफा ऐनवेळी अडकत, नियंत्रण यंत्रणाही कुरकुरत असे, आणि ३ सप्टेंबर १९६५ रोजी एक नॅट पाकिस्तानातील पसरूरच्या धावपट्टीवर उतरून शत्रूच्या हाती लागले. पुढे बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने त्यातले दोष कमी करून ‘अजीत’ हे विमान घडवले. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर चालून आलेल्या सेबर विमानांना एकट्याने भिडून धारातीर्थी पडलेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों नॅटच चालवत होते. हवाई दलाला मिळालेले एकमेव परमवीर चक्र त्यांचेच.