ब्रॅम्ली सफरचंद नुसतं का खात नाहीत?

प्रश्न: ब्रॅम्ली हे जुनं इंग्लिश सफरचंद फक्त शिजवायलाच वापरतात असं वाचलं, असं का? आणि त्याच्या शेजारी दुसरं एकच झाड लावलं तर चालेल का?

उत्तर: नुसतं खाता येतं हो, पण जाम आंबट लागतं, कारण त्यात अ‍ॅसिड भरपूर आणि साखर कमी, आणि खरी मजा तीच आहे, शिजवलं की गर फुलून एकदम मऊ लगदा होतो तरी चव टिकते, गोड सफरचंदं शिजल्यावर बेचव होतात तसं याचं होत नाही. अ‍ॅपल पायसाठी (सफरचंद भरून भाजतात तो गोड पदार्थ) माझ्या मते याच्या तोडीचं दुसरं नाही. फळ मोठं, हिरवं, जरासं चपटं.

मूळ झाड इंग्लंडमधल्या साउथवेलचं, १८०९ मध्ये मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड या मुलीने बी लावलं, पण नाव मिळालं नंतर ते घर घेणाऱ्या मॅथ्यू ब्रॅम्लीचं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता झाडाचं, सफरचंदाला फळ धरायला सहसा दुसऱ्या जातीचा पराग लागतो, आणि ब्रॅम्ली तर ट्रिप्लॉइड आहे म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच, त्यामुळे याचा पराग जवळपास निकामी. शेजारी एकच झाड असेल तर ब्रॅम्लीला फळ धरेल, पण त्या दुसऱ्याला पराग कोण देणार? म्हणून त्याच सुमारास फुलणाऱ्या दोन वेगळ्या जाती लावा, आणि जागा मोकळी ठेवा, हे झाड चांगलंच पसरतं.