ट्रंकेतली अडीच रुपयांची नोट, आणि जुन्या नोटांबद्दलचे तुमचे आणखी तीन प्रश्न

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत कागदात गुंडाळलेल्या काही नोटा मिळाल्या. एकीवर २ रुपये ८ आणे असं छापलंय, आणि राजाच्या डोक्याच्या दहाच्या चार नोटा आहेत, त्यांच्यावर सी. डी. देशमुखांची सही आहे. सगळ्या पिवळ्या पडल्यात, घड्या आहेत, टोचल्याची भोकं पण आहेत. हलक्या हाताने धुऊन इस्त्री केली तर किंमत वाढेल का? एका नातेवाइकाने बँकेत बदलून घ्या सांगितलं. – एक वाचक, सातारा

उत्तर : बँकेत अजिबात नेऊ नका, आणि पाणी-इस्त्री तर नकोच नको! धुतलेली नोट जाणकाराला लगेच कळते, कागदाचा मूळचा कडकपणा जातो, छपाईला बोटाखाली लागणारा उठाव इस्त्रीने दबतो, आणि हे परत आणता येत नाही. घडी असलेली पण हात न लावलेली नोट ही धुऊन सपाट केलेल्या नोटेपेक्षा कधीही चांगली. भोकांची काळजी करू नका, पूर्वी बँकेत नोटांची बंडलं टाचूनच ठेवायचे, त्यामुळे न वापरलेल्या कोऱ्या नोटेलासुद्धा ती भोकं असतात. फाटलं असेल तिथे सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद पुढे तपकिरी होऊन कागदात उतरतो. लॅमिनेशनचं तर नावच काढू नका.

आता अडीच रुपयांची नोट. खरी असेल तर तुमच्या घरात फार मोलाची वस्तू आहे. पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला, चांदीचे रुपये पाडायला धातू पुरेना, म्हणून सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची कागदी नोट काढली आणि तिच्या मागोमाग ही २ रुपये ८ आण्यांची. पंचम जॉर्जचं चित्र आणि तेव्हाचे सरकारी अर्थ अधिकारी गुब्बे यांची सही. ही नोट फार काळ चालली नाही, म्हणून आज दुर्मीळ, आणि दुर्मीळ म्हणूनच हिच्या नकला खूप फिरतात. तेव्हा आधी उजेडासमोर धरून कागदात वॉटरमार्क, म्हणजे कागदातच उमटवलेली खूण, दिसते का बघा, मग अंधारात यूव्ही टॉर्च मारा. जुना कागद मंद दिसतो, निळा-पांढरा झगझगला तर एकतर कागद हल्लीचा आहे किंवा कुणीतरी साबणाने धुतलाय. नंबरातलं अक्षर पण बघा, ते सर्कल, म्हणजे नोट कुठल्या विभागातून निघाली ते, सांगतं : बी मुंबई, सी कलकत्ता, एम मद्रास, के कराची, एल लाहोर, ए कानपूर, आर रंगून. एकाच नोटेच्या दोन वेगळ्या सर्कलच्या किमतीत मोठा फरक पडतो, त्यामुळे फोटोवरून मी भाव सांगणार नाही, प्रत्यक्ष दोन डीलरना वेगवेगळं दाखवा आणि नोट कुणाकडेही ठेवून येऊ नका.

दहाच्या नोटांकडे दुर्लक्ष करू नका बरं का. चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आपल्या रायगडचे. चारही नोटा शेजारी शेजारी ठेवून राजाचं, म्हणजे इथे सहाव्या जॉर्जचं, डोकं बघा, कडेने दिसतंय की समोरून? दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी दहाच्या नोटेच्या इतक्या सफाईदार नकला केल्या की सरकारला समोरून दिसणारा चेहरा घ्यावा लागला आणि भारतात पहिल्यांदाच नोटेत सुरक्षा धागा आला. तुमच्याकडे दोन्ही प्रकार निघाले तर ही सगळी गोष्ट चार नोटांतच आहे, कृपया त्या वेगळ्या करून विकू नका.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, पॉकेटमनीतून जमवतो. नये पैसे यायच्या आधीच्या नोटांत कुठून सुरुवात करू? – लातूर

उत्तर : १ एप्रिल १९५७ ला आणे-पै गेले आणि रुपयाचे १०० नये पैसे झाले, पण रुपयाची किंमत तीच राहिली म्हणून बदल नाण्यांत झाला. तुझ्यासाठी ही तारीख म्हणजे फक्त कुंपण आहे. सुरुवात स्वातंत्र्यानंतरच्या नोटांपासून कर, १९४९ ची अशोकस्तंभाची एक रुपयाची, तेव्हाचे अर्थ सचिव के. आर. के. मेनन यांच्या सहीची, मग पन्नाशीतली दोन रुपयांची, जिच्यावर आधी हिंदीत 'दो रुपया' छापलं गेलं आणि नंतर 'दो रुपये' असं सुधारलं. दोन्ही मिळव, मजा येते. आणि तू लातूरचा आहेस तर हैदराबाद संस्थानच्या 'उस्मानिया सिक्का' या चलनाच्या नोटा शोधच, त्यांच्यावर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कन्नडमध्ये पण रक्कम लिहिलेली असते, जुन्या घरात विचारलंस तर 'हाली', म्हणजे निजामाच्या, पैशाच्या आठवणी सांगणारं कुणीतरी भेटेल. महागाची एक वाईट नोट घेण्यापेक्षा साधी पण कोरी घे. पीव्हीसीच्या स्वस्त अल्बममध्ये मात्र ठेवू नकोस, ते प्लास्टिक चिकटतं, पॉलिस्टरचे पाउच घे. मुंबईला गेलास की फोर्टातलं रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम बघून ये.

प्रश्न : आजीकडे ३० आणि ६० एश्कुदची नोट आहे. हे असले आकडे का? – मडगाव

उत्तर : कारण आधी गोव्यात रुपिया होता, १६ तांग्यांचा. १९१७ मध्ये तर ४ आणि ८ तांग्यांच्या कागदी नोटाही निघाल्या होत्या. नंतर पोर्तुगीज सरकारने एश्कुद आणला, दर ठरला एका रुपियाला ६ एश्कुद, मग पाच रुपियांची नोट झाली ३० ची, दहाची झाली ६० ची, आणि शंभराची ६००! तुमच्या नोटांवर १९५९ साल आणि गोवा जिंकणाऱ्या आफोंसो द अल्बुकर्कचं चित्र असेल. १९४५ च्या रुपियाच्या नोटांवरही तोच आहे. आजीला विचारा, कपाटात कुठे पाच-दहा रुपियाची आहे का. जोडी जमली तर फार सुंदर दिसेल.

प्रश्न : एका ॲपवर जुन्या नोटेचे फोटो टाकले, तर फोन आला की लाखाला घेतो, आधी रिझर्व्ह बँकेचा टॅक्स भरा. भरू का? – नाशिक

उत्तर : एक रुपया पण भरू नका. रिझर्व्ह बँक जुन्या नोटांच्या खरेदी-विक्रीत पडत नाही, त्यासाठी टॅक्स, कमिशन काही घेत नाही, ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने स्वतः तसं जाहीर केलंय. खरा घेणारा आधी नोट हातात घेऊन बघतो आणि पैसे तो देतो, तुमच्याकडे मागत नाही. ओटीपी, आधारचा फोटो काहीही देऊ नका. आणि काही रक्कम आधीच गेली असेल तर वाट न बघता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावा, जितक्या लवकर कळवाल तितकी ती अडवता येण्याची शक्यता जास्त.