वाचकांचे प्रश्न : पावसाच्या टाकीवरचा पंप आणि वरच्या मजल्यावरचा दाब

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमचे दुमजली घर आहे. विहिरीचे पाणी गच्चीवरच्या टाकीत चढते आणि तेथून घरभर जाते. यंदा 100 चौरस मीटर छपराचे पाणी साठवण्यासाठी अंगणात जमिनीखाली 10,000 लिटरची टाकी बांधली असून तिच्यावर अर्धा एचपीचा पंप बसवायचा आहे. वरच्या मजल्यावर शॉवरला धार अगदी बारीक येते. दुकानदार म्हणतो की, त्याच पंपाला प्रेशर स्विच लावून पावसाचे पाणी घराच्या नळजोडणीत सोडावे, म्हणजे दोन्ही कामे होतील. हे योग्य आहे का? गरम पाण्यासाठी गच्चीवर सोलर आहे.
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : दुकानदाराचा सल्ला घेऊ नये. पावसाचे पाणी आणि शॉवरचा दाब हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एका पंपावर सोडवायला गेल्यास दोन्ही बिघडतील. छपरावरून आलेले पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी त्यात पक्ष्यांची विष्ठा, शेवाळ आणि पालापाचोळ्याचा अर्क असतो. ते विहिरीच्या पाण्याच्या नळात एकदा शिरले की स्वयंपाकघरापर्यंत पोचते. म्हणून फ्लश, कपडे धुण्याचे यंत्र आणि बागेचा नळ एवढ्यांसाठीच नवी स्वतंत्र पाइपलाइन टाकावी आणि अर्धा एचपीचा पंप तिच्यावरच ठेवावा. पावसाच्या पहिल्या सरींचे 100 ते 200 लिटर पाणी टाकीत न घेता बाहेर सोडण्याची सोय पन्हळीखालीच करावी.

या पंपासाठी प्रेशर स्विच आणि सुमारे 24 लिटरची प्रेशर टाकी, म्हणजे आत रबरी पिशवी आणि दाबाखालची हवा असलेली बंद टाकी, पुरेल. पंप 1.5 बारला सुरू आणि 2.5 बारला बंद होईल असे ठेवावे. त्याआधी पंपाच्या पाटीवर लिहिलेली कमाल उंची मात्र वाचावी. 10 मीटर उंचीचे पाणी म्हणजे जवळजवळ 1 बार दाब, त्यामुळे 2.5 बारसाठी 25 मीटर आणि जमिनीखालच्या टाकीतून ओढण्याचे 3 मीटर धरले तरी 28 मीटर होतात. पाटीवरचा आकडा 35 मीटरच्या आसपास असलेला बरा. केवळ पाणी गच्चीवर चढवण्यासाठी घेतलेला, 22-25 मीटरचा पंप येथे लावला, तर तो बंद होण्याच्या दाबापर्यंत कधीच पोचणार नाही, आतल्या आत तेच पाणी घुसळत राहील आणि तापून सील घालवील. असे पंप दुरुस्तीला आले की दोष कारखान्याला दिला जातो, पण चूक निवडीची असते.

प्रेशर टाकीतील हवा भरण्याकडे प्लंबर सहसा लक्ष देत नाहीत. पंपाची वीज बंद करून एक नळ उघडावा, पाइपातला दाब पूर्ण उतरू द्यावा आणि मगच टाकीच्या हवेच्या व्हॉल्व्हवर टायरचा गेज लावावा. टाकीतली हवा, पंप सुरू होण्याच्या दाबापेक्षा 0.2 बारने कमी, म्हणजे येथे 1.3 बार किंवा सुमारे 19 पीएसआय असावी. पाइपात दाब असताना मोजलेला आकडा निरर्थक असतो. या मापाने 24 लिटरच्या टाकीतून पंप सुरू न होता 6 लिटरच्या आसपास पाणी मिळते, आणि फ्लशच्या टाकीसाठी तेवढे बहुधा पुरते.

जमिनीखालची टाकी रिकामी झाल्यावर पंप कोरडा चालू नये म्हणून फ्लोट स्विच लावावा. हा खर्च टाळू नये. शोषणाचे तोंड तळाला न टेकवता तळापासून थोडे वर ठेवावे, म्हणजे गाळ ओढला जाणार नाही.

आता साठ्याचा हिशेब पाहावा. 20 टक्के पाणी वाया जाते असे धरले तरी 125 मिलिमीटर पावसात आपली टाकी भरते. कोकणात ते एखाद-दोन दिवसांतही होते, आणि पुढचे सगळे पाणी वाहून जाते. चौघांच्या घरात फ्लश आणि कपड्यांना दिवसाला 240 लिटर लागत असतील, तर पाऊस थांबल्यावर भरलेली टाकी सुमारे 40 दिवस पुरेल. त्यानंतर विहिरीचे पाणी त्या टाकीत घ्यावे लागेल. ते बॉलकॉकवरून घ्यावे, पण बॉलकॉक इतका खाली बसवावा की तळाचे 1,000 लिटरच भरतील आणि अवकाळी पावसाला जागा राहील. भरण्याच्या नळाचे तोंड टाकीच्या ओव्हरफ्लोपेक्षा वीतभर वर, मोकळ्या हवेत हवे. पाइप पाण्यात बुडलेला राहिला तर टाकीतले पाणी उलटे विहिरीच्या नळात ओढले जाऊ शकते.

शॉवरचा प्रश्न खरे तर गच्चीवरच्या टाकीचा आहे. टाकीचा तळ शॉवरपेक्षा सव्वा मीटर वर असेल तर दाब सुमारे 0.12 बार मिळतो, आणि टाकी आणखी एक मीटर उचलली तरी फक्त 0.1 बारची भर पडते. शॉवरची जाळी आणि मिक्सरमधील, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळातील, गाळण्या साफ करून पाहाव्यात. धार तरीही बारीक राहिली तर टाकीच्या खालच्या पाइपावर दाब वाढवणारा छोटा बूस्टर पंप बसवावा. त्याला समांतर पाइप आणि पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह द्यावा, म्हणजे वीज गेली तरी पाणी नेहमीच्या मार्गाने खाली येईल. कोकणातल्या विजेचा अनुभव असलेल्यांना याचे कारण सांगायला नको.

सोलरमुळे मात्र एक धोका आहे. घरोघरी दिसणारे सोलर बहुधा विनादाबाचे असून त्याच्या टाकीला वर उघडी व्हेंट नळी असते. फक्त थंड पाण्याला बूस्टर लावला, तर मिक्सर उघडा असताना थंड पाणी गरम लाइनमध्ये घुसते, सोलरच्या टाकीकडे उलटे जाते आणि व्हेंटमधून छपरावर सांडते. बूस्टरचे पाणी थेट सोलरच्या टाकीत सोडणे तर धोक्याचे आहे, कारण ती दाब सहन करण्यासाठी बनवलेली नसते. म्हणून गरम आणि थंड दोन्ही लाइनवर सारख्याच क्षमतेचे बूस्टर लावावेत. गरम पाण्याचा बूस्टर सोलरनंतरच्या पाइपावर आणि गरम पाण्यासाठी चालणाराच असावा. हा खर्च जास्त वाटल्यास मोठ्या छिद्रांचा, कमी दाबावर चालणारा शॉवर घ्यावा. आमचा कौल त्यालाच आहे.

प्रश्न : प्रेशर पंप रात्री सगळे नळ बंद असतानाही दर काही मिनिटांनी सुरू होतो. स्विच बदलला, फरक पडला नाही.
— एक वाचक, पुणे

उत्तर : स्विचचा दोष नसणार. पाणी कुठेतरी निसटत आहे. प्रेशर टाकी आणि गेज यांच्या पुढे घराकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करून गेज पाहत राहावा. काटा तरीही खाली येत असेल तर पंपाकडचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह किंवा शोषण पाइपाच्या तोंडाशी असलेला फूट व्हॉल्व्ह गळतो. काटा स्थिर राहिला तर गळती घरात आहे, आणि ती बहुतेक वेळा फ्लशच्या टाकीत सापडते. फ्लशच्या टाकीत रंग टाकून, फ्लश न करता अर्ध्या तासाने भांडे पाहावे. नळ चालू असताना पंप भराभर सुरू-बंद होत असेल तर प्रेशर टाकीतली हवा गेली आहे किंवा आतली पिशवी फाटली आहे. हवेच्या व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर पाणी आले तर पिशवी बदलावी.

प्रश्न : नगरपालिकेच्या नळालाच थेट पंप लावल्यास चालेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. पंप मुख्य वाहिनीत ऋण दाब निर्माण करतो, त्यामुळे शेजाऱ्यांचे पाणी कमी होतेच, शिवाय जमिनीत फुटक्या सांध्याजवळ साचलेले सांडपाणी पाइपात ओढले जाते, आणि ते प्रथम आपल्याच घरात येते. नळाचे पाणी आधी जमिनीवरच्या टाकीत पडू द्यावे आणि पंप त्या टाकीला लावावा.