'गाझेट' म्हणजे आपलं गॅझेट का?

प्रश्न असा आला आहे: "अँटवर्पमधल्या २००३ सालच्या हिऱ्यांच्या चोरीवर एक भाषांतरित लेख वाचला. त्यात 'अँटवर्पच्या राजपत्रात ही बातमी ठळकपणे छापून आली' असं वाक्य आहे. मूळ नाव 'गाझेट वान आन्टवेर्पन' असल्याचं कळलं. सरकारी राजपत्रात चोरीची बातमी कशी येईल? आणि याला फ्लेमिश दैनिक म्हणायचं की डच?"

शंका रास्त आहे. बातमी आली होती ती पेपरात, राजपत्रात नव्हे. भाषांतरकाराने बहुधा 'गॅझेट' दिसल्याबरोबर हात कोशाकडे नेला आणि कोशाने 'राजपत्र' काढून दिलं. त्याला फार दोष देववत नाही. आपल्याकडे गॅझेट म्हटलं की नियुक्त्या, अधिसूचना, नाव बदलल्याची जाहिरात आणि झेरॉक्सवर सही मारणारा 'गॅझेटेड ऑफिसर' हेच डोळ्यांसमोर येतं. त्यात मराठा आरक्षणाच्या चर्चेमुळे 'हैदराबाद गॅझेट' आणि 'सातारा गॅझेट' घराघरात पोचले. या शब्दाचा अर्थ एके काळी साधा 'पेपर' होता हे आपण साफ विसरलो आहोत. अँटवर्पकर विसरले नाहीत, इतकंच.

शब्दाचं मूळ व्हेनिसमध्ये आहे. तिथे सोळाव्या शतकात 'गाझेता' नावाचं एक हलकं नाणं चालायचं. हाताने लिहिलेली बातमीपत्रकं तिथे विकली जात, आणि गाझेताभर पैशांत मिळणारी ती गाझेता, असं नाव पडलं असं बहुतेक व्युत्पत्तिकार मानतात. 'गाझ्झा' म्हणजे मॅग्पाय, तो बडबड्या पक्षी, त्यावरून नाव आलं असंही काही जण सांगतात. पण मला नाण्याची गोष्ट जास्त पटते. किमतीवरून वस्तूचं नाव पडणं बाजारात रोजचंच आहे. इटलीतून शब्द फ्रान्समध्ये गेला आणि १६३१ मध्ये पॅरिसला तेओफ्रास्त रनोदोने आपल्या साप्ताहिकाला तेच नाव दिलं. फ्रेंचमधून तो शेजारच्या फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या भागात, जिथे अँटवर्प आहे, तिथे उतरला. गेंट शहरात १६६७ मध्ये 'गाझेट वान गेंट' निघालं आणि ते चक्क १९४० पर्यंत चाललं. म्हणजे १८९१ च्या नोव्हेंबरात अँटवर्पमध्ये 'गाझेट वान आन्टवेर्पन' सुरू झालं तेव्हा हा शब्द तिथल्या मातीत सव्वादोनशे वर्षं मुरलेला होता. 'वान' म्हणजे 'चा, ची, चे'. नावाचा सरळ अर्थ अँटवर्पचा पेपर.

उत्तरेकडे, आजच्या नेदरलँड्समध्ये, मात्र दुसराच शब्द रुजला. ॲमस्टरडॅममध्ये १६१८ पासून निघणाऱ्या बातमीपत्रकाच्या नावात 'कूरांते' होतं, फ्रेंच 'धावणारा' या शब्दावरून आलेलं. ते घासून घासून 'क्रांट' झालं. आज डच प्रमाणभाषेत वर्तमानपत्राला क्रांट म्हणतात, शाळेच्या पुस्तकात तोच शब्द असतो, आणि फ्लँडर्समधली शिकली सवरलेली माणसंही लिहिताना तोच वापरतात. पण घरात, बाजारात, न्हाव्याच्या दुकानात गाझेटच. ''ट स्टोंड इन द गाझेट', म्हणजे 'पेपरात आलं होतं'. दुकानाच्या पाटीवर 'डाखब्लाडहांडल' असं भारदस्त नाव असेल, पण गिऱ्हाईक म्हणणार 'गाझेटनविंकल', पेपरचं दुकान.

इथे मला आपला 'पेपर' आठवतो. आपण 'वृत्तपत्र' लिहितो, 'वर्तमानपत्र' जरा मोकळेपणाने लिहितो, पण सकाळी दाराशी पडतो तो पेपर. 'वृत्तपत्र टाकणारा मुलगा आज आला नाही' असं कोणी म्हटलं तर त्याच्याकडे जरा निरखून बघावं लागेल. गाझेट हा त्या पेपराच्या जागेवरचा शब्द आहे. क्रांट वर्तमानपत्राच्या जागी बसतो. अर्थ दोन्हीचा एकच, फरक आहे तो बैठकीचा, आणि कोशात बैठक छापलेली नसते. 'राजपत्रा'ची फजिती तिथूनच सुरू झाली.

आता 'डाखब्लाड' बघा. 'डाख' म्हणजे दिवस, 'ब्लाड' म्हणजे पान, झाडाचं आणि कागदाचंही. आपल्याकडे संस्कृत 'पत्र' म्हणजे आधी झाडाचं पान, मग लिहायचं पान, मग पत्र आणि वर्तमानपत्र. दोन्ही भाषांनी झाडावरून छापखान्यापर्यंतचा प्रवास आपापला केला, कोणी कोणाचं न बघता. याहून मजा पुढे आहे. बेल्जियममध्ये कायदे आणि अधिसूचना ज्यात छापतात त्याचं डच नाव 'स्टाट्सब्लाड'. स्टाट म्हणजे राज्य, ब्लाड म्हणजे पत्र. राज-पत्र! अक्षरशः जोडाला जोड. म्हणजे त्या लेखात खरोखर राजपत्राची गरज असती तर मूळ शब्द 'स्टाट्सब्लाड' दिसला असता. (त्याचा छापील अंक २००३ पासून जवळपास बंदच आहे, हेही जाता जाता.) आपल्या भाषांतरकाराने तो शब्द त्याच्या खऱ्या मालकाकडून काढून भलत्याच्या गळ्यात घातला.

मग आपल्याकडेच गॅझेट सरकारी कसं झालं? इंग्रजांमुळे. १६६५ मध्ये लंडनमध्ये प्लेग होता, राजदरबार ऑक्सफर्डला हलला होता, तिथे दरबारचं पत्रक 'ऑक्सफर्ड गॅझेट' या नावाने निघालं आणि पुढच्या वर्षी 'लंडन गॅझेट' झालं. तेव्हापासून इंग्रजीत या शब्दाला सरकारी शिक्का चिकटला. तरी हिंदुस्थानातला पहिला छापील पेपर, जेम्स ऑगस्टस हिकीचा १७८० सालचा कलकत्त्यातला 'बेंगाल गॅझेट', सरकारी तर सोडाच, वॉरन हेस्टिंग्जच्या इतका मागे लागला की दोन वर्षांत त्याचे छपाईचे खिळे जप्त झाले. मुंबईतही अठराव्या शतकाच्या शेवटी 'बॉम्बे गॅझेट' होता, तोही पेपरच. गोव्यात १८२१ मध्ये पहिलं नियतकालिक निघालं त्याचं नाव 'गाझेता द गोआ', आणि ते मात्र सरकारचं. म्हणजे एकाच शब्दाच्या दोन्ही वाटा आपल्या किनाऱ्यावर आल्या होत्या. पेपराची वाट बुजली, सरकारी उरली. 'गॅझेटियर'ची कथा तर आणखी गमतीची. तो आधी बातम्या लिहिणारा माणूस होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस लॉरेन्स एकार्ड या इंग्रजाने अशा माणसांच्या सोयीसाठी ठिकाणांचा कोश केला, आणि माणसाचं नाव पुस्तकाला लागलं. आपण ज्याला बोलताना 'अमुक गॅझेट' म्हणतो ते पुष्कळदा गॅझेटियर असतं. दोन्ही एक नव्हेत, पण आता हा घोळ निस्तरेल असं वाटत नाही.

दैनिकाकडे परत येतो, कारण नावातली आपुलकी कळायला थोडा काळ समजून घ्यावा लागतो. १८३० मध्ये बेल्जियम स्वतंत्र झालं तेव्हा कोर्ट, कचेरी, सैन्य, सगळीकडे फ्रेंचचा वरचष्मा होता. अँटवर्पच्या गोदीवरचा हमाल घरी जी भाषा बोलायचा ती साहेबाच्या टेबलावर चालायची नाही. १८४८ मध्ये वर्तमानपत्रांवरचा मुद्रांक-कर गेला, पेपर स्वस्त झाले, आणि हळूहळू त्या हमालाच्या भाषेतले पेपर त्याच्या खिशाला परवडू लागले. ब्रसेल्समध्ये १८८८ ला यूलियस होस्ट यांनी उदारमतवाद्यांसाठी 'हेट लाट्स्टे न्यूव्स', म्हणजे 'ताजी बातमी', काढलं. तीन वर्षांनी अँटवर्पच्या कॅथलिकांनी आपलं गाझेट काढलं. डच भाषेतल्या कायद्याला फ्रेंचच्या बरोबरीचा दर्जा मिळाला तो त्यानंतर, १८९८ मध्ये. कायद्याच्या आधी पेपर पोचला होता.

आणि अँटवर्पमध्ये गाझेट एकच राहिलं नाही. १८९७ मध्ये उदारमतवाद्यांनी 'द न्यूव गाझेट' काढलं, म्हणजे 'नवा पेपर'. १९१४ मध्ये समाजवाद्यांचं 'फोल्क्सगाझेट', 'जनतेचा पेपर'. शहर एक, शब्द एक, पंथ तीन. तिथल्या समाजात या पंथांना 'खांब' म्हणायची पद्धत आहे: कॅथलिक घरातलं मूल कॅथलिक शाळेत जाणार, बाप कॅथलिक युनियनमध्ये, आजारपणाचा विमा कॅथलिक संस्थेचा, आणि टेबलावर पेपरही त्याच खांबाचा. समाजवाद्यांचंही तसंच. त्यामुळे 'कुठलं गाझेट घेता?' हा प्रश्न वाटतो तितका भोळा नव्हता. आपल्याकडे आडनाव विचारण्यासारखंच ते.

तिन्हींचं पुढे काय झालं ते थोडक्यात. फोल्क्सगाझेट १९७८ मध्ये दिवाळ्यात गेलं. त्याच वर्षाच्या शेवटी समाजवाद्यांनी 'द मोर्खन', म्हणजे 'सकाळ', सुरू केलं. न्यूव गाझेट त्या 'ताज्या बातमी'च्या पोटात गेलं. टिकलं ते कॅथलिकांचं. त्याच्या प्रकाशन कंपनीचं नाव 'द व्लाइट', म्हणजे मेहनत, चिकाटी. १९९६ मध्ये लिम्बर्ग प्रांतातल्या दैनिकाशी तिची सोयरीक झाली आणि २०१३ मध्ये दोन मोठे समूह एकत्र येऊन 'मीडियाहाउस' झालं, त्यात हे गाझेटही आलं. नाव मात्र कोणी बदललं नाही. 'क्रांट' करावं असं कोणाच्या मनात आलं असेल तर अँटवर्पकरांनी त्याला शेल्ट नदीत बुडवला असता, असा माझा अंदाज.

फ्लेमिश की डच, याचं उत्तर सोपं आहे. तिथली अधिकृत भाषा 'नेडरलांड्स', म्हणजे डच. फ्लेमिश हे त्या भूभागाचं आणि माणसांचं विशेषण. 'फ्लेमिश दैनिक' बिनदिक्कत म्हणा, 'फ्लेमिश भाषेतलं दैनिक' म्हणताना जरा थांबा. वऱ्हाडातला पेपर मराठीच असतो, त्यातल्या गप्पांना वऱ्हाडी वास असतो, तसं काहीसं. उच्चारातही तो वास कळतो: हॉलंडकर 'ग' घशातून खरवडून काढतो, फ्लेमिश माणूस मऊ सोडतो, गज़लवाल्यांच्या नुक्तेवाल्या 'ग'च्या जवळचा पण आणखी हलका. मराठीत त्यासाठी चिन्ह नाही, म्हणून साधा 'गाझेट' लिहावा. इंग्रजी वळणाचा 'गॅझेट' टाळावा, नाहीतर पुन्हा राजपत्र येऊन बसेल.

वाक्य कसं हवं होतं? 'अँटवर्पच्या गाझेट वान आन्टवेर्पन या दैनिकाने ही बातमी ठळकपणे छापली.' नावाचं भाषांतर करायचंच नाही, 'दैनिक' हा शब्द वाचकाला वाट दाखवतो.

राहता राहिलं लिंग, जे तुम्ही विचारलं नाही पण पुढच्या वाक्यात अडेलच. आपलं गॅझेट नपुंसकलिंगी, फ्लेमिश लोक गाझेटला 'ती' म्हणतात. मराठीत काय करावं? वाक्यात 'दैनिक' आहे तोवर 'ते', आणि मीही वर तेच केलं आहे. पण बोलण्यात मी 'तो' म्हणेन. 'सकाळ' हा शब्द एरवी स्त्रीलिंगी. उजाडते ती 'आजची सकाळ'. दाराशी पडतो तो मात्र 'आजचा सकाळ'. 'सकाळ झाली का?' आणि 'सकाळ आला का?' हे दोन प्रश्न आपण एका दमात विचारतो आणि कुणाचाही गोंधळ होत नाही, कारण दुसऱ्यात न उच्चारलेला 'पेपर' दडलेला असतो. तेव्हा अँटवर्पला कोणी मराठी माणूस भेटला तर त्याला खुशाल विचारा, 'आजचा गाझेट आला का?'