काट्याच्या आधी संडासचं विचार

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. सोमवारपासून तू बॅरिएट्रिकच्या, म्हणजे वजन उतरवायच्या ऑपरेशनच्या ओपीडीत आहारतज्ज्ञ म्हणून बसणार हे वाचून बरं वाटलं. तू माझ्याकडे डाएट चार्ट मागितला आहेस. चार्ट तुला तिथेच मिळेल. किती दिवस पातळ, कितव्या आठवड्यात मऊ, हे तुमच्या सर्जननी ठरवलेलं असतं आणि ते तसंच पाळायचं. चार्टमध्ये नसतं तेवढं मी सांगते. पेशंट खुर्चीत बसला की लगेच वजनावर जाऊ नकोस. आधी विचार, संडासला कसं होतंय?

ऑपरेशननंतरचे पहिले काही महिने वजन उतरतंच. घरचे खूश, पेशंट खूश, आपणही फाइलमध्ये आकडा लिहून मोकळे. पण दिवसातून पाच वेळा पातळ होऊन, अन्न अंगी न लागता उतरलेलं वजनही काट्यावर तितकंच छान दिसतं. त्यातला फरक विचारल्याशिवाय कळत नाही, आणि आपणहून कोणी सांगत नाही.

निफाडकडची एक बाई आली होती, स्लीव्ह म्हणजे जठर कापून लहान करायचं ऑपरेशन झालेली. शेजारी सासूबाई. काहीही विचारलं तरी एकच उत्तर, "नाही मॅडम, काही त्रास नाही." मी सासूबाईंना बिलाच्या काउंटरवर पाठवलं. दार लागल्याबरोबर म्हणाली, सहा दिवस झालेत, अगदी खडा झालाय, कुंथून कुंथून रक्त पडतं. पाणी किती पितेस विचारलं, तर बागेत थिनिंग, म्हणजे घडातले जादा मणी काढणं, चालू होतं. दिवसभर द्राक्षाच्या मांडवाखाली, बरोबर माणसं, आडोसा कुठे नाही. लघवीला जायची पंचाईत, म्हणून सकाळपासून घोटभरही पाणी नाही. तिच्या चार्टवर 'रोज दीड ते दोन लिटर पाणी' असं ठळक छापलेलं होतं. तिला पाण्याचं महत्त्व समजावून काय उपयोग? आम्ही दोघींनी बसून वेळा ठरवल्या. पहाटे उठल्यापासून शेतावर जाईपर्यंत, मग दुपारी घरी आल्यावर, मग संध्याकाळपासून झोपेपर्यंत, बाटली जवळ आणि एकेक घोट. जमलं तिला.

तेव्हा नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर बसवायची सवय लाव. पुरुष पेशंट "एकदम ओके" म्हणून विषय संपवतात. त्यांना नेमकं विचारावं लागतं. दिवसातून किती वेळा? घट्ट की पातळ? तरंगतं का? एकदा पाणी टाकल्यावर जातं का? रात्री झोपेतून उठावं लागतं का? टेबलाच्या खणात ब्रिस्टल स्टूल चार्ट लॅमिनेट करून ठेव. 1997 साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी छापलेली ती सात चित्रं आहेत, सुट्ट्या खड्यांपासून निव्वळ पाण्यापर्यंत. तोंडाने सांगायला लाजणारी माणसं चित्रावर बोट बिनदिक्कत ठेवतात.

दुसरं, ऑपरेशन कोणतं झालं ते डिस्चार्ज कार्डावर स्वतः वाच. पेशंट म्हणतो, "पोट छोटं केलं." तेवढ्याने आपलं भागत नाही. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात, केळ्यासारखी लांबट नळी उरते, आतड्याला हात लागत नाही. बायपासमध्ये (हृदयाचा नव्हे, पोटाचा) जठराची जेमतेम 30 मिलीची पिशवी करून ती पुढच्या लहान आतड्याला जोडतात. मिनी बायपासमध्ये पिशवी लांबट असते आणि आतड्याचा बराच तुकडा, बहुतेक वेळा 150 ते 200 सेंटिमीटर, अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतो. ढोबळमानाने स्लीव्हवाले बद्धकोष्ठाची तक्रार घेऊन येतात, बायपासवाले जुलाबाची. उलटंही पाहशील, पण सुरुवात इथून कर.

बद्धकोष्ठात घाबरण्यासारखं थोडं आणि गैरसमज जास्त. दिवसभरात मोजक्या वाट्या अन्न पोटात जाणार, तर रोज सकाळी 'पोट साफ' कुठून होणार? दोन-तीन दिवसांनी, पण मऊ आणि विनासायास होत असेल तर ते चालतं. हे पेशंटपेक्षा त्याच्या आईला किंवा बायकोला समजावून सांग, कारण एरंडेल आणि सोनामुखीचं चूर्ण त्यांच्याच हातून येतं. खरी कारणं बहुधा चारच सापडतात: पाणी कमी, भाजी नावाला, ऑपरेशननंतरची दुखण्याची गोळी, आणि लोह-कॅल्शियम. श्रावणात आणि नवरात्रात साबुदाणा, भगर, बटाट्यावर दिवस काढणारे येतील. त्यांना उपास सोडा म्हणण्यापेक्षा राजगिरा, ताक, पनीर यावर आण, आणि निर्जळी मात्र करूच देऊ नकोस.

लोहाच्या गोळीने कडक होतं हे लोकांना पटकन कळतं, आणि ते गोळी गुपचूप बंद करतात. पुढच्या रिपोर्टला हिमोग्लोबिन खाली. त्यांना सांग, गोळी सोडायची नाही, बदलून मागायची. डॉक्टर दुसऱ्या प्रकारचं लोह देतात, कधी शिरेतून देतात. कॅल्शियम सायट्रेट या प्रकारातलं आहे का बघ. कार्बोनेटने कडक व्हायचा त्रास जास्त, आणि ते शोषायला जठरातलं आम्ल लागतं, जे आता कमी झालेलं असतं. लोह आणि कॅल्शियम यांत निदान दोन तासांचं अंतर हवं. आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेतात का, ते आवर्जून विचार, चहाने लोह नीट शोषलं जात नाही. आपल्याकडे निम्म्या गोळ्या चहाबरोबरच जातात. इसबगोल सुरुवातीच्या आठवड्यांत अजिबात नको. पुढे सर्जनने हो म्हटलं तर थोडं, भरपूर पाण्यात, कारण पाणी कमी पडलं तर ते आतच फुगून बसतं. शिजवलेला दुधी, पालक, मुगाचं वरण, पपई यांनी बरंच काम होतं. भिजवलेले चार-पाच मनुके ठीक, वाटीभर नकोत.

आता जुलाब. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत शिफ्ट करणारा एक जण मिनी बायपासनंतर सातव्या-आठव्या महिन्यात आला. वजन झकास उतरलेलं, शर्ट ढगळ झालेला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग खाली बघत म्हणाला, "मॅडम, दोनदा फ्लश केलं तरी जात नाही. तेल तरंगतं. वास तर असा येतो की कंपनीतल्या संडासात जायची सोय राहिली नाही." रविवारची मिसळ सोडवत नव्हती, आणि मिसळ म्हणजे तर्री दोनदा, फरसाण, शेवटी जिलबी. या ऑपरेशनमध्ये पित्त आणि स्वादुपिंडाचा रस अन्नाला उशिरा भेटतो. तेल-तूप न पचताच खाली उतरतं आणि जाताना अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही घेऊन जातं. म्हणून अशा पेशंटला दोन प्रश्न चुकवू नकोस: संध्याकाळी अंधारात दिसायला कमी येतं का, आणि पायाला सूज येते का. पहिल्यात अ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, दुसऱ्यात प्रथिनांची. सूज दिसली तर त्याच दिवशी सर्जनकडे पाठव, "पुढच्या वेळी बघू" नको.

मिसळीवर मी त्याला बंदी घातली नाही. नाशिकच्या माणसाला मिसळ बंद म्हटलं की तो आपल्याकडे यायचं बंद करतो. मटकीची उसळ खा म्हटलं, तर्रीचा नुसता चमचा, फरसाण नाही. पाव तर नकोच, तो लहान पिशवीत गोळा होऊन अडतो.

पण प्रत्येक जुलाबाचा दोष तर्रीवर ढकलू नकोस. बायपासनंतर कित्येकांना दूध सोसत नाही. दही-ताक सोसतं, दुधाने पोट गुरगुरतं. अशा वेळी प्रोटीन पावडरच्या डब्यावरही नजर टाक, साध्या व्हे (दुधाच्या निवळीच्या) पावडरीत दुधातली साखर बऱ्यापैकी असते, जास्त शुद्ध केलेल्या आयसोलेटमध्ये फार कमी. 'शुगर फ्री' मिठाई आणि प्रोटीन बारमधल्या सॉर्बिटॉल, माल्टिटॉलनेही पातळ होतं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने होतं. झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून जी गोळी देतात, तिनेही काहींना होतं. गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लाव, अर्धं निदान तिथेच सापडतं.

एप्रिल-मे सुरू झाला की डंपिंगवाले येतात. अक्षय्य तृतीयेला आमरस झाला, आणि वीस मिनिटांत छाती धडधडली, दरदरून घाम, पोटात कळा, संडासकडे धाव, मग अंथरूण. घरचे हार्ट अटॅक समजून घाबरतात. गोड पदार्थ न थांबता थेट आतड्यात गेला की तो आतड्यात पाणी ओढून घेतो, त्याचा हा प्रकार. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो: इन्सुलिन जास्त सुटतं, साखर एकदम खाली जाते, हात थरथरतात. तेव्हा साखर देणं गरजेचं असतंच, पण सरबतावर थांबलं तर तासाभराने पुन्हा तेच. पाठोपाठ थोडं पनीर, अंडं किंवा डाळ खायला सांग. आणि पहिल्यांदाच असं झालं असेल तर डंपिंग म्हणून आपण सोडून द्यायचं नाही, ईसीजी आणि साखर बघणं हे डॉक्टरांचं काम आहे. द्राक्षाच्या हंगामात घरोघरी पेट्या येतात. रस नको, जेवणानंतर पाच-सात मणी चावून खाल्ले तर बहुतेकांना सोसतात.

गॅसवर फार बोलत नाही. भरभर खाणं, सोडा, स्ट्रॉ, जेवताना पाणी, एवढं सुटलं की बराचसा कमी होतो. तरीही पोट सतत फुगून दुर्गंधीचे जुलाब चालू राहिले तर लहान आतड्यात जंतू वाढलेले असू शकतात, त्यावर औषध आहे.

काही गोष्टींत आपलं डाएटचं शहाणपण बाजूला ठेवून सर्जनला फोन लावायचा. लोहाच्या गोळीने शौच हिरवट काळं होतं, ते ठीक. पण डांबरासारखं चिकट, उग्र वासाचं काळं, त्यात चक्कर, तर आत रक्तस्राव असू शकतो. बायपास झालेल्याने अंगदुखीला आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतलं का, तंबाखू-सिगारेट चालू आहे का, हेही विचार. जोडाच्या जागी व्रण होतो तो बऱ्याचदा यांनीच. बायपासनंतर काही महिन्यांनी, अगदी वर्षांनीही, पोटात मुरडून येणारी जोराची कळ, वारा सरणं बंद, तर आतडं आत अडकलेलं असू शकतं. त्याला ओव्याचं पाणी सुचवत बसायचं नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यांत ताप, नाडी जलद, पोटात दुखणं, ही सर्जनची केस. उलट्या दोन दिवसांवर चालू राहिल्या तर बी1 जीवनसत्त्व (थायमिन) घसरू शकतं. नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावण्याआधी थायमिन द्यावं लागतं, हे खेड्यातल्या दवाखान्यात माहीत असेलच असं नाही. म्हणून पेशंटच्या कार्डावर ऑपरेशनचं नाव आणि ही सूचना मराठीत मोठ्या अक्षरात लिहून दे.

फॉर्ममध्ये 'मलविसर्जन' असा एक रकाना असेल आणि पुढे 'नॉर्मल' लिहिलेलं असेल. तो खोडून तिथे किती वेळा, कसं, कधीपासून असे तीन रकाने करून घे. छपाईला महिना लागेल, तोवर पेनाने आख. आणि सोमवारी खुर्चीत बसण्याआधी एक चक्कर मारून बघ, ओपीडीच्या मजल्यावरच्या संडासाला कुलूप तर नसतं ना, आणि असलं तर किल्ली कोणाकडे असते. तुझ्या पेशंटला ती मागायला रिसेप्शनवर रांगेत उभं राहावं लागता कामा नये.

तुझी,
मावशी