साधनेचा भार कोणाच्या खांद्यावर?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे येथे घेतली आहेत. तिन्ही वडोदऱ्याची आहेत आणि तिन्हींत नेम, ओढ आणि घरची जबाबदारी यांची ओढाताण आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी एका रासायनिक कारखान्याच्या नियंत्रण कक्षात काम करतो. पाळी दर आठवड्याला बदलते. अनुग्रह घेतल्यापासून पहाटे चारला उठून प्राणायाम, ध्यान आणि अकरा माळा जप असा तीन तासांचा नेम आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात तो मोडतो आणि एकदा मोडला की अपराधी वाटून पुढचे दिवसही तसेच जातात. सकाळी घरी आल्यावर न झोपता नेम पुरा करून पाहिला, तर कामावर डुलक्या येऊ लागल्या. नेम कमी केला तर गुरूंचा शब्द मोडल्यासारखे होईल का?
— एक वाचक, मांजलपूर

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत गंभीर गोष्ट आपण जाता जाता लिहिली आहे, ती म्हणजे कामावर येणाऱ्या डुलक्यांची. नियंत्रण कक्षात बसणाऱ्याच्या जागेपणावर पाळीतल्या सर्वांचे प्राण अवलंबून असतात. त्यामुळे झोप मोडून केलेला जप कितीही निष्ठेचा असला, तरी त्याचा धोका इतरांच्या माथी जातो आणि तोही त्यांना न विचारता. गीतेच्या सहाव्या अध्यायात फार झोपणाऱ्याप्रमाणेच फार जागणाऱ्यालाही योग साधत नाही असे स्पष्ट म्हटले आहे, आणि पुढच्याच श्लोकात युक्त आहारविहाराच्या जोडीला युक्त झोप व युक्त जागरण सांगितले आहे. तेव्हा रात्रपाळीनंतरची झोप ही साधनेतील अडचण न मानता त्या आठवड्यापुरता साधनेचाच पहिला भाग मानावी.

अपराधीपणाविषयी एवढेच लिहितो की, आपली परंपरा आपण समजतो तितकी निष्ठुर नाही. संध्येची वेळ टळली, तर नेहमीच्या तीन अर्घ्यांखेरीज प्रायश्चित्ताचे आणखी एक अर्घ्य देण्याची सोय विधीतच आहे. वेळ चुकणार हे विधी घालून देणाऱ्यांनी गृहीत धरले होते आणि त्यावरचा उपाय ओंजळभर पाण्याइतका सोपा ठेवला होता. त्यानंतर आठवडाभर स्वतःला दोष देत बसण्याचा भाग आपण पदरचा जोडला आहे.

आता नेमाविषयी. आपल्या तीन तासांत दोन वेगळ्या जातीच्या साधना एकत्र झाल्या आहेत, आणि त्यांतील एक खंड सोसते, तर दुसरी सोसत नाही. याचे उदाहरण आपल्याच शहरात घडले आहे. श्रीअरविंद 1893 पासून 1906 पर्यंत बडोदे संस्थानच्या सेवेत होते. येथील शेवटच्या काळात, चांदोदच्या ब्रह्मानंदस्वामींचे शिष्य असलेल्या देवधर नावाच्या एका अभियंत्याकडून पद्धत समजून घेऊन त्यांनी प्राणायामास आरंभ केला आणि तो दिवसाला पाच तासांवर नेला. एरवी महिनाभरात होणाऱ्या सुमारे दोनशे ओळींची कविता अर्ध्या तासात लिहून होऊ लागली, असा अनुभव त्यांनी पुढे सांगितला आहे. परंतु कलकत्त्यास गेल्यावर राजकारणाच्या धबडग्यात प्राणायाम अनियमित झाला आणि ते जिवावर बेतण्याइतके आजारी पडले. त्या आजाराचा संबंध त्यांनी स्वतः या अनियमिततेशी जोडला होता. वैद्यकाच्या दृष्टीने यावर दुसरे मत असू शकेल. तथापि दीर्घ प्राणायामाला आहार, झोप आणि वेळ यांची जी चौकट लागते, ती दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्या माणसाजवळ नसते, हे सांगण्यासाठी त्यांचा अनुभव पुरेसा आहे.

जपाचे तसे नाही. तो बसमध्ये होतो, थकलेल्या अंगाने होतो, मध्येच सुटला तरी अपाय करीत नाही. केलेला आरंभ वाया जात नाही आणि त्यात उलटा दोषही लागत नाही, हे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील आश्वासन त्यालाच सर्वांत चपखल लागू पडते. म्हणून माझे मत असे की, दीर्घ प्राणायाम सध्या बाजूला ठेवावा आणि एक माळ अशी धरावी, जी कोणत्याही पाळीत, झोपून उठल्यावर प्रथम होईल, मग उठण्याची वेळ पहाटेची असो की दुपारी तीनची. नेम घड्याळाला न बांधता उठण्याला बांधला की पाळी बदलल्याने तो हलत नाही. उरलेल्या दहा माळा दिवसपाळीच्या आठवड्यात व सुटीच्या दिवशी कराव्यात. गुरूंचा शब्द मोडतो का, हा प्रश्न मात्र मला विचारण्याजोगा नाही. पाळीचे वेळापत्रक घेऊन गुरूंकडेच जावे. आपली नोकरी कशी आहे हे त्यांना नेम देताना ठाऊक होते का, असा मला संशय आहे.

प्रश्न : माझे यजमान सत्तेचाळीस वर्षांचे आहेत. पहाटे साडेतीनपासून सातपर्यंत ते साधनेला बसतात. त्या वेळेत कुकरची शिट्टी झाली किंवा सासूबाईंनी हाक मारली तरी त्यांचा संताप होतो. सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या आहेत, मुलगी बारावीत आहे. आता नोकरी सोडून नर्मदेची पायी परिक्रमा करण्याचे त्यांनी ठरवले आहे. मी काही बोलले की ‘तू माझ्या परमार्थात आडवी येतेस’ असे म्हणतात. मी खरोखरच आडवी येते आहे का?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : नाही. आपल्या यजमानांची साधना गेली काही वर्षे चालू शकली, ती आपण पहाटेपासून आईंचे सारे करता म्हणून. त्यांच्या आसनाचा एक पाय आपण धरून आहात, आणि तो धरणाऱ्या व्यक्तीलाच ‘आडवी’ म्हणणे हा केवळ अन्याय नव्हे, तर परमार्थाविषयीचे अज्ञानही आहे.

नर्मदेची ओढ खोटी आहे असे मी म्हणणार नाही. इतक्या जवळून नदी वाहत असताना परिक्रमेची इच्छा न होणे हेच नवल. परंतु पायी परिक्रमा रूढ नियमांनी केली, तर तिला तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात. चातुर्मासात एका ठिकाणी राहावे लागते, नदी ओलांडता येत नाही. कमी दिवसांत करणारेही आहेत, पण त्यांनाही महिने घालवावे लागतात. तेवढ्या काळात अंथरुणावरच्या आईची कूस कोणी बदलायची आणि मुलीच्या पुढील प्रवेशाची फी कोठून यायची, या दोन प्रश्नांची उत्तरे त्यांनी निघण्यापूर्वी कागदावर लिहून दाखवावीत. ‘मैया पाहून घेईल’ हे परिक्रमावासीयाने आपल्या भाकरीविषयी म्हणायचे असते, दुसऱ्यांच्या औषधाविषयी नव्हे.

ते कदाचित लग्नाच्या बोहल्यावरून निघून गेलेल्या समर्थांचे नाव घेतील. समर्थ निघाले ते लग्न लागण्यापूर्वी, हा भेद लहान नाही. शिवाय ‘आधी प्रपंच करावा नेटका’ असे बजावून, प्रपंच सांडून परमार्थ कराल तर कष्टी व्हाल, हे दासबोधात सांगणारेही तेच आहेत. त्याहून जवळचे उदाहरण विठ्ठलपंतांचे आहे. पत्नीला आळंदीस ठेवून त्यांनी काशीला संन्यास घेतला, आणि घरी पत्नी आहे हे कळताच गुरूंनीच त्यांना परत गृहस्थाश्रमात पाठवले, असे परंपरा सांगते. त्यानंतर समाजाने त्या कुटुंबाचा जो छळ केला, तो समाजाचाच अपराध होता. परंतु तो सोसण्याची पाळी आली ती निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता या चार लेकरांवर, ज्यांचा त्या संन्यासाशी काही संबंध नव्हता. दत्तभक्तांना वंदनीय असलेल्या टेंबे स्वामींचे चरित्रही पाहावे. ज्यांनी 1914 साली येथून जवळच्या गरुडेश्वरी देह ठेवला, त्यांच्याइतके तीव्र वैराग्य कोणाचे असणार? तरीही त्यांनी संन्यास घेतला तो 1891 मध्ये, पत्नीच्या निधनानंतरच.

संतापाविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण माझ्या दृष्टीने परिक्रमेपेक्षाही ती बाब मोठी आहे. साडेतीन तास बसून उठलेल्या माणसाला आजारी आईची हाक सहन होत नसेल, तर त्या साडेतीन तासांत नेमके काय घडते आहे, हे त्यांनीच तपासले पाहिजे. प्रपंचातील कटकट नको म्हणून आसन धरले, तर ते आसन कटकटीपासून लपण्याची जागा होते. आणि लपलेल्या माणसाला कोणी हाक मारली की राग येणारच. ज्ञानेश्वरीत स्वकर्माच्या फुलांनी ईश्वराची पूजा करावी असे म्हटले आहे. आईचे तोंड धुणे, तिला चहा पाजणे हे त्यांचे स्वकर्म आहे. सहा ते सात ही वेळ त्यांनी आईसाठी द्यावी, असे मी सुचवीन. त्या तासात आपण, हवे तर, स्वतःच्या जपाला बसावे. आपल्याला साधना हवी आहे का, हे या साऱ्या काळात कोणी विचारलेले दिसत नाही.

परिक्रमेसाठीही एक वाट आहे. चैत्रात तिलकवाडा आणि रामपुरा यांच्या दरम्यान, नर्मदा जेथे उत्तरेकडे वाहते त्या टप्प्याची उत्तरवाहिनी परिक्रमा होते. ती साधारण वीस किलोमीटरची असून एका दिवसात पुरी होते. बारावीची परीक्षा तोवर आटोपलेली असते. सासूबाईंजवळ एक दिवस कोणी नातेवाईक बसवून दोघांनी मिळून ती करावी. मोठी परिक्रमा त्यांच्या साठीनंतरही तेथेच असेल. हे सांगूनही ऐकणार नसतील, तर राजीनामा देण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना बसवून पैशांचा हिशेब मांडून घ्यावा. तसे करण्यात परमार्थाचा अपमान नाही.

प्रश्न : मी विद्यापीठात शेवटच्या वर्षाला आहे. आईबरोबर गुरुचरित्राचा सप्ताह केला तेव्हा मन भरून येत असे. आता आरतीलाही काही वाटत नाही, जप यंत्रासारखा होतो. हे ढोंग नाही का? मैत्रीण म्हणते, आतून स्मरण असले की बसायची गरजच नाही.
— एक वाचक, बाबाजीपुरा

उत्तर : ढोंग लोकांना दाखवण्यासाठी असते. तुझा जप कोणी पाहत नसताना चालू आहे, म्हणजे तो आरोप आपोआप पडला. पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यासाठी तीन गोष्टी मागितल्या आहेत : दीर्घ काळ, खंड नसणे आणि आदर. डोळ्यांत पाणी येण्याची अट त्यांनी घातलेली नाही. सप्ताहात खाणे, झोपणे, बोलणे सारेच बदललेले असते, त्यामुळे मन भरून येते. तीच अवस्था वर्षभर टिकावी, ही अपेक्षा मनावर फार मोठा बोजा टाकते.

मैत्रिणीच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते फार थोड्यांपुरते. डिसेंबर 1907 मध्ये भरलेल्या सुरत काँग्रेसनंतर येथे वडोदऱ्यात विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याने श्रीअरविंदांना ध्यानास बसवले, आणि तीन दिवसांत त्यांचे मन निःशब्द झाले. पुढे कलकत्त्यात लेल्यांनी विचारले, सकाळ-संध्याकाळ ध्यान करता ना? उत्तर ‘नाही’ असे आले, आणि लेल्यांना वाटले की शिष्य सैतानाच्या हाती सापडला. वस्तुतः ध्यान आत अखंड चालू होते, म्हणून वेगळे बसणे थांबले होते. तुझ्या मैत्रिणीचे ध्यान तसे अखंड चालत असेल तर आनंद आहे; माझे चालत नाही, म्हणून मी बसतो.

एक माळ चालू ठेव. भाव येवो न येवो, त्याची चौकशी रोज करू नकोस. सप्ताह पुन्हा करायचा असेल तर परीक्षा संपल्यावर, उन्हाळ्याच्या सुटीत, आईबरोबरच कर. मात्र उदासी केवळ आरतीपुरती नसून अभ्यास, जेवण, मैत्रिणी कशातच मन लागत नसेल, तर ते आईला सांग आणि डॉक्टरांना भेट. तो प्रश्न मग साधनेचा राहत नाही.